समजतं, पण हात ऐकत नाही

चंद्रपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात मला नोकरी लागली तेव्हा माझं काम नेमकं काय, हे वरोऱ्याला घरी कोणालाच नीट सांगता यायचं नाही. आई शेजारणींना सांगायची, "दारू सोडवायच्या दवाखान्यात आहे." पण दारू सोडवायचं काम डॉक्टर आणि समुपदेशक करायचे. माझ्याकडे माणूस यायचा तो दारू बंद होऊन तीन आठवडे उलटल्यावर. तोवर हाताची थरथर थांबलेली असायची, झोप लागायला लागलेली असायची, खाल्लेलं अंगी लागत असायचं. अशा माणसाला समोर बसवून त्याची विचार करायची ताकद कितपत शाबूत आहे, हे मी बघायची. दोन वस्तूंत सारखं काय ते सांगता येतं का, म्हणीचा अर्थ लागतो का, आधी काय आणि मग काय याचा क्रम लावता येतो का, आणि समोरची परिस्थिती बदलली की आपली पद्धत बदलता येते का.

माझी खोली वॉर्डाच्या टोकाला होती. तिथे पूर्वी चादरी आणि उशा ठेवत. एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीबाहेर चिंचेचं झाड. माणसं या खोलीत शाळेच्या परीक्षेला आल्यासारखी यायची. आंघोळ करून, केस चापूनचोपून बसवून, शर्टाचं वरचं बटण लावून. माजरीच्या खाणीतून निवृत्त झालेले एक काका तर पॅडसुद्धा घेऊन आले होते. झालं की सगळे विचारायचे, "पास का, मॅडम?" मी सांगायची, यात पास-नापास नसतं. ते पूर्ण खरं नव्हतं. माझ्या कागदावरून कोणाला ट्रॅक्टर चालवू द्यायचा, कोणाला औषधाच्या गोळ्या स्वतःच्या हाताने घेऊ द्यायच्या, हे ठरायचं.

दारूबंदी असलेल्या शेजारच्या जिल्ह्यातून इतकी माणसं इथे येतात कशी, हा प्रश्न मी पहिल्या महिन्यातच विचारायचं सोडलं होतं.

तो वायरमन आला तेव्हा माझ्या नोकरीला दुसरं वर्ष लागलं होतं. मूल शहराच्या पुढे, गडचिरोलीकडे जाताना जंगलाला लागून त्याचं गाव. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, तळहात रुंद आणि घट्टे पडलेले. वॉर्डात तो सगळ्यांचा लाडका झाला होता. पंख्याचा आवाज येत होता तो त्यानेच थांबवला, नर्सबाईंच्या टेबलावरचा दिवा त्यानेच लावून दिला. विशेष म्हणजे तो कोणी ओढत आणल्यामुळे आलेला नव्हता. एका सकाळी पिशवी घेऊन एकटाच बसमधून उतरला होता आणि फाटकाशी येऊन म्हणाला होता, "मले भरती व्हायचं आहे." असे लोक आमच्याकडे फार थोडे.

त्याच्या तपासणीच्या दिवशी त्याची बायको गावाहून आली. गावातल्या शाळेत ती मुलांची खिचडी शिजवायची. ठेंगणी, सावळी, बोलण्यात नेमकी. तिने त्याच्या वीज ऑफिसचं पत्र आणलं होतं. हा माणूस लाइनीवरच्या कामाला योग्य आहे की नाही, ते केंद्राने लिहून द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. मी वाचत असताना ती म्हणाली, "बाई, यायचं डोकं शाबूत आहे. पहिलेपासून हुशार आहेत. फकस्त दारू सुटाले पाहिजे होती, ते सुटली. तुमी लिहून द्या."

"आधी बघू तर द्या," मी म्हणाले.

"पाहा ना. तुमीच म्हनान."

आणि तास-दीड तास मी तेच म्हणत होते. मी विचारलं, संत्रं आणि केळं यांत सारखं काय? तो म्हणाला, "दोघायले सोलावं लागते," आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून, "फळं आहेत दोघं." डोळा आणि कान? त्याने जरा विचार केला. "दोघायच्यानं खबर लागते." माझ्या पुस्तकातल्या उत्तरापेक्षा ते उत्तर मला आवडलं. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' म्हणजे काय, असं विचारल्यावर तो हसून म्हणाला, "आमच्या खात्यात रोज धरा लागते, मॅडम." आणि मग अर्थही व्यवस्थित सांगितला. आकडे उलटे म्हणून दाखवले. गोष्ट सांगितली ती पंधरा मिनिटांनी जशीच्या तशी परत सांगितली.

इथे एक कबूल करायला हवं. त्या दुपारी मी पत्त्यांची तपासणी वगळणार होते. तिला वेळ लागतो, ऊन चढलं होतं, मला भूक लागली होती, आणि समोरचा माणूस इतकं नीट बोलत होता की तिची गरज वाटेना. मी मनातल्या मनात अहवालाची वाक्यंही जुळवायला घेतली होती. पत्त्यांचा डबा टेबलावर होता म्हणून, आणि त्याने "हे काय आहे?" असं विचारलं म्हणून तो उघडला गेला. दुसरं काही कारण नव्हतं.

ही तपासणी दिसायला पोरखेळ आहे. टेबलावर चार पत्ते मांडायचे. एकावर एक लाल त्रिकोण, दुसऱ्यावर दोन हिरव्या चांदण्या, तिसऱ्यावर तीन पिवळ्या फुल्या, चौथ्यावर चार निळे गोल. माणसाच्या हातात पत्त्यांचा गठ्ठा द्यायचा. त्याने एकेक पत्ता या चारांपैकी जो जुळतो असं वाटेल त्याच्याखाली ठेवायचा. कशावरून जुळवायचं ते सांगायचं नाही. आपण फक्त 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं. आधी रंगावरून जुळवलेलं बरोबर असतं. तो जम बसला की काहीही न सांगता नियम बदलायचा, आता आकारावरून. माणूस अडखळतो, दोन-चार पत्ते चुकतात, मग त्याच्या लक्षात येतं की रंग आता चालत नाही, आणि तो दुसरं काही करून पाहतो.

वायरमनने रंग लगेच ओळखला. पटापट पत्ते पडत गेले. बरोबर, बरोबर, बरोबर. मग मी नियम बदलला.

लाल पत्ता लाल पत्त्याखाली. "चूक," मी म्हणाले.

त्याने भुवया उचलल्या. हिरवा हिरव्याखाली. "चूक."

निळा निळ्याखाली. "चूक."

"म्हंजे रंग नाई चालून राह्यला आता," तो म्हणाला. अगदी स्पष्ट म्हणाला. मी मनात म्हटलं, आलं लक्षात. त्याने पुढचा पत्ता उचलला, दोन पिवळे गोल होते त्यावर, आणि तो पिवळ्याखाली ठेवला.

"चूक."

"हो, रंग नाई आता," तो पुन्हा म्हणाला, आणि हिरवा पत्ता हिरव्याखाली ठेवला.

तो थट्टा करतोय असं मला आधी वाटलं. मग त्याच्या कपाळावरचा घाम दिसला. तोंडाने तो म्हणत होता, रंग नाही, रंग नाही, आणि हात मात्र प्रत्येक वेळी रंगाकडेच जात होता. एकदा तर त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. पत्ता हवेत थांबला आणि गेला पुन्हा लालाखालीच. माझ्या कागदावर चुकांची रांग वाढत गेली. या तपासणीत मदत करायची परवानगी नसते. मी मान खाली घालून 'चूक' म्हणत राहिले, शक्य तितक्या हळू आवाजात.

गठ्ठा संपला तेव्हा त्याने रिकामे हात टेबलावर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "मॅडम, एक सांगू का? लिहू नोका पण."

मी पेन्सिल बाजूला ठेवली.

"हे असंच माह्याकडून पोलवर झालं."

मग त्याने सांगितलं. पावसाळा संपत आला होता, धान गर्भात होतं. गावाच्या वरच्या टोलीत, म्हणजे वस्तीत, लाइन सारखी ये-जा करते म्हणून तक्रार आली. त्या टोलीची लाइन आधी जुन्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीवर, होती. उन्हाळ्यात ती नव्या डीपीवर घेतली होती.

"कोनं घेतली? म्याच घेतली. तारा म्याच ओढल्या. त्या दिवशी घरून निघालो तवापासून मनात म्हनून राह्यलो, नवी डीपी बंद करायची, नवी डीपी. आन गेलो जुन्या डीपीवर. तिथला खटका पाडला. टोलीत आलो, शिडी लावली, वर चढलो. टेस्टर खिशात होता, काढला बी नाई. लाइन बंद केली होती ना म्या."

"मग?"

"तारेले हात घालनार, तं आटाचक्की आयकू आली. टोलीतली चक्की. त्याच लाइनीवर आहे थे. म्हटलं, हे कशी चालू आहे? एवढंच. पुढचा विचार बी नाई केला, खाली उतरलो न् पोलच्या बुडाशी बसलो. एक बाई पान्याची गुंडी घेऊन चालली होती. तिनं इचारलं, काऊन बसले भाऊ? म्हटलं, दम खाऊन राह्यलो."

चिंचेवर खारी ओरडत होत्या. तो खिडकीकडे बघत होता.

"पिऊन असतो तं म्हटलं असतं, दारूनं केलं. पन त्या दिवशी दोन दिवस झाले होते, घोट नव्हता घेतला. मंग हे कोनं केलं? तेच इचारत इथी आलो मी, मॅडम. मले दारूचं भेव नाई वाटलं. मले या हाताचं भेव वाटलं."

त्याचं जे झालं होतं त्याला पुस्तकात नाव आहे, पण ते नाव मी उच्चारलं नाही. मी एवढंच सांगितलं, की वर्षानुवर्षं दारू घेतल्यावर मेंदूचा पुढचा भाग ढिला पडतो. जुनी सवय थांबवून नव्या वाटेला वळायचं काम तो भाग करतो. अक्कल जात नाही, शब्द जात नाहीत, आठवणीही बऱ्याच राहतात. फक्त वळण घेता येत नाही. दारू बंद राहिली तर यातलं बरंचसं परत येतं, हळूहळू. सगळं येईलच असं सांगता येत नाही.

त्याने ते लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "तुमी असता तं मले पोलवर चढू देल्लं असतं?"

"नाही," मी म्हणाले.

"मी बी नाई." तो उठला, खुर्ची टेबलाखाली सारली. दाराशी थांबून म्हणाला, "घरी सांगू नोका हे पोलचं. मी कामावर गेलो का ती शाळेत खिचडी ढवळता ढवळता रस्त्याकडं पाहत राहीन. तिनं लय पाह्यलं माह्यासाठी."

मी शब्द दिला.

संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांना पत्त्यांचा कागद दाखवला आणि पोलचंही सांगितलं. ते कमी बोलणारे, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी चुकांच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तुम्ही जे पाहिलं ते लिहा. तो जे म्हणाला ते तुमच्यापाशी राहू द्या. पत्र लिहायला पत्ते पुरे आहेत." मी लिहिलं की खांबावरच्या आणि चालू लाइनीच्या कामाला हा माणूस सध्या योग्य नाही, जमिनीवरचं काम कोणाच्या देखरेखीखाली करू शकेल, वर्षभराने पुन्हा तपासावं.

दुसऱ्या दिवशी बायकोने ते पत्र वाचलं. सातवी शिकलेली होती, एकेका शब्दावर थांबून वाचलं. मग माझ्याकडे बघितलं.

"पत्त्यावरून ठरवलं तुमी? वीस वर्सं झाले त्यायले पोलवर चढून. कधी काई झालं नाई. आन तुमी पत्ते मांडून म्हनता, हा मानूस कामाचा नाई?"

"कामाचा नाही असं नाही लिहिलं, बाई. काही दिवस..."

"लोक दारू पिऊन बी चढतात. यानं सोडली तं याले खाली उतरवता. मंग सोडली कायले?"

मला उत्तर देता आलं असतं. एका वाक्यात देता आलं असतं. तो तिच्या मागेच उभा होता, पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत. माझ्याकडे बघत होता. ती मला नमस्कार न करता निघून गेली. घरून आणलेली जवसाची चटणी तिने सगळ्यांसाठी नर्सबाईंच्या टेबलावर ठेवली होती, ती तेवढी मागे राहिली. जेवताना ती चटणी माझ्या ताटातही वाढली गेली. मला ती खाववेना.

ते गेले. ऑफिसने त्याला सबस्टेशनवर बसवलं. तक्रारीचा फोन उचलायचा, वहीत लिहायचं, लाइनीवरच्या माणसाला कळवायचं. महिन्यातून एकदा तो केंद्रात यायचा, एकटाच. मी त्याला एक साधी रीत शिकवली होती. कुठल्याही कामाला हात घालण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने स्वतःला विचारायचं, आज वेगळं काय आहे? उत्तरही मोठ्याने द्यायचं. मगच हात पुढे करायचा. मनातल्या मनात चालणार नाही, हे त्याला मला समजावून सांगावं लागलं नाही.

"लोक हसतात," तो म्हणाला. "म्हनतात, हा आपल्याआपनच बोलून राह्यला, याले लागलं काईतरी."

"मग तुम्ही काय म्हणता?"

"म्हनतो, लागलं आहे खरं."

तिसऱ्या महिन्यात तो आला तेव्हा मागे ती होती. मी उभी राहिले. ती खुर्चीवर बसली, पदर नीट केला, आणि म्हणाली, "मले सांगितलं यायनं. चक्कीचं."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"कधी सांगितलं?"

"धान कापताना. दोघंच होतो बांधीत. इळा खाली ठेवला न् सांगितलं." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमाले तं म्हाईत होतं. त्या दिवशी मी एवढी बोलली, तुमी बोलल्या नाई."

"मी त्यांना शब्द दिला होता."

"हो, यायनं बी सांगितलं थे." तिने मान हलवली. मग तिचा आवाज खाली आला. "बाई, मी याले पंधरा वर्सं हट्टी समजत राह्यली. सांगायची, या रस्त्यानं येऊ नोका, भट्टी लागते. हो म्हनत. समजलं म्हनत. आन त्याच रस्त्यानं येत. मले वाटे, हा मले हलकी समजते. माह्या शब्दाले याच्यापाशी किंमत नाई. भांडली, माहेरी गेली, चार चार महिने बोलली नाई. आन तुमी म्हनता, हातच वळत नव्हता."

"सगळंच हातावर ढकलू नका," मी म्हणाले. "पहिली काही वर्षं ते ठरवूनही पीत असतील."

"असतील कायचे, पितच होतो," तो भिंतीकडे बघतच म्हणाला.

ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. पुढचे दोन दात थोडे एकमेकांवर चढलेले होते, त्यामुळे हसली की ती शाळकरी मुलीसारखी दिसायची.

मग तिने मला विचारलं, घरी काय करता येईल. मी सांगितलं, त्यांना रोज थोडं बदलाची सवय लागली पाहिजे. धोका नसलेलं काहीतरी. म्हणजे सवयीने हात जाईल तिथे थांबून बघावं लागेल. ती "बरं" म्हणाली. मला वाटलं, ऐकून सोडून देईल.

पुढच्या महिन्यात तो एकटा आला आणि खुर्चीवर बसताच म्हणाला, "मॅडम, तुमी काय सांगून बसल्या तिले?"

तिने स्वयंपाकघरातल्या फळीवरचे डबे दर रविवारी हलवायला सुरुवात केली होती. मिठाच्या जागी साखर, साखरेच्या जागी रवा, चहापत्ती खाली. सुटीच्या दिवशी सकाळचा चहा आणि लाखोरीची डाळ त्याने करायची, असा नवा नियम. पहिल्या रविवारी त्याने डाळीत साखर घातली. तिने ती तशीच वाढून घेतली. दोघांनी ती गोड डाळ भातावर घेऊन खाल्ली. दुसऱ्या रविवारी पुन्हा साखर.

"तिसऱ्या रविवारी म्या फळीपुढं उभा राहून मोठ्यानं म्हटलं, आज काय बदललं? ती तिकून म्हनते, तुमीच पाहा. म्या डबे उघडून पाह्यले. मीठ तिसऱ्या डब्यात." त्याने तीन बोटं वर केली. "बरोबर डाळ झाली. तं ती खाऊन म्हनते, अळनी आहे."

"अळणी होती?"

"होती. मीठ कमीच पडलं."

मी त्या दिवशी त्याच्या कागदावर फळीची सगळी हकीकत लिहून ठेवली. डॉक्टरांनी ती वाचली आणि पुढच्या पेशंटच्या नातेवाइकांना तीच सांगायला सुरुवात केली.

सगळं असंच सुरळीत गेलं असं नाही. मोहफुलं पडायचा हंगाम आला. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन जंगलात जातं, वाळत घातलेल्या फुलांचा वास आठवडाभर अंगणातून हलत नाही, आणि घरोघरी कोणी ना कोणी ती आंबवायला घालतं. तो प्यायला. आठ दिवस. नवव्या दिवशी ती त्याला घेऊन आली. तो वॉर्डात पडून होता आणि ती बाहेर बाकावर बसून होती. मी तिच्याशेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "यावेळी स्वतः म्हटलं यायनं, मले घेऊन चाल. पहिले मी ओढायची न् हे पळायचे." आणि नंतर, "एवढा फरक पडला, होय ना?"

"पडला," मी म्हणाले. मला तो पटला होता म्हणून म्हणाले, तिला बरं वाटावं म्हणून नाही.

ते आठ दिवस सोडले तर त्याने पुन्हा दारूला हात लावला नाही. वर्ष संपल्यावर ठरल्याप्रमाणे तो तपासणीला आला. पत्त्यांचा या वेळचा संच वेगळा होता. तो खुर्चीवर ताठ बसला. पहिला नियम ओळखला, नियम बदलल्यावर तीन पत्ते चुकला. चौथा पत्ता हातात घेऊन थांबला. ओठ हलले. मग हात आधी जिथे गेला होता तिथून मागे आला, टेबलावर थोडा रेंगाळला, आणि दुसऱ्या पत्त्याखाली गेला.

"बरोबर," मी म्हणाले. माझा आवाज नेहमीसारखा राहिला नसावा, कारण त्याने वर बघितलं.

तिसऱ्या बदलाला तो पुन्हा बराच अडखळला. एकूण वेळ फार लागला. मी बेरीज केली. वर्षापूर्वीपेक्षा खूपच चांगलं होतं, पण खांबावर चढणाऱ्या माणसाला जेवढं लागतं तेवढं नव्हतं. तिथे विचार करायला वेळ मिळत नाही. मी ते त्याला सांगताना शब्द शोधत होते, तर तोच म्हणाला, "राहू द्या मॅडम. मी ऑफिसले पहिलेच लिहून देल्लं, खालचंच काम द्या म्हनून. मले फक्त पाहायचं होतं, हात आयकते का."

"ऐकतो," मी म्हणाले. "उशिरा ऐकतो."

"उशिरा चालन. मले कुठी घाई आहे."

त्याची बायको दाराशी उभी राहून सगळं बघत होती. तपासणी चालू असताना कोणी आत थांबू नये असा नियम आहे, तो त्या दिवशी मी पाळला नव्हता. ती पुढे आली आणि म्हणाली, "माहं बी पाहून घ्या."

"तुमचं कशाला?"

"असंच. माहं डोकं कसं आहे, पाहू द्या ना."

तो हसत बाहेर गेला. ती त्याच्या खुर्चीवर बसली. पुढच्या वीस मिनिटांत तिने काय केलं ते मी विसरलेले नाही. प्रत्येक बदलाला ती एखाद-दुसरा पत्ता चुकायची, डोळे बारीक करायची, आणि वळायची. माझ्या नोकरीत इतकं स्वच्छ काम मी थोड्याच लोकांकडून पाहिलं होतं, त्यात डॉक्टरकीची मुलंही होती. मला त्यात नवल वाटायला नको होतं. ज्या घरात रोज संध्याकाळी माणूस कुठल्या रूपात परत येईल हे सांगता येत नाही, त्या घरातली बाई दारातच ओळखायला शिकते की आज कुठला नियम चालू आहे.

मी तिला ते सांगितलं. उत्तम झालं म्हणाले, मनापासून. तिने पत्ते गोळा करून माझ्या हातात दिले, चारही कडा सारख्या करून. मग म्हणाली, "बाई, इतक्या वेळा 'बरोबर' मले कोनी म्हटलं नव्हतं." तिचे डोळे भरले होते, पण ती लगेच उठली, कारण तीनच्या बसने नाही गेलं तर मूलला पुढची गाडी मिळत नाही.

नंतर मी नागपूरला आले. हे लिहायच्या आधी त्या दोघांची परवानगी घ्यावी म्हणून मी फोन केला. तिने उचलला. गावाचं नाव घालू नका, एवढंच म्हणाली. मी विचारलं, कसं चाललंय.

"बरं आहे. भांडते आता."

"कोण?"

"हे. पहिले भांडन झालं तं सकाळी विसरून जात. पिऊन भांडे, यायले काई याद नसे. मीच एकटी धरून बसायची. आता याद राहते. परवा दोन दिवस बोलले नाई माह्याशी, नांगराच्या बैलावरून."

"मग?"

"मंग काई नाई. मी बी नाई बोलली." मागे कोणीतरी भांडी हलवत होतं. "बरं वाटलं, बाई. दोघं मिळून रुसलो."

मागून त्याचा आवाज आला, चहा थंडा होऊन राह्यला म्हणून. तिने मला विचारलं, नागपूरला पाऊस आहे का, आई कशी आहे. मी सांगितलं. मग ती चहा प्यायला गेली.